गोष्टीतून परत आणणारा रंग

मित्रांनो, माझं वय बारा वर्षं. तुमच्यात ते खेळायचं वय, आमच्यात म्हातारपण. मी एक कोड एडिटर आहे. मला हात लावून बघायचं म्हणाल तर जमायचं नाही, कारण मला अंगच नाही. ज्या लॅपटॉपात मी राहतो त्याला मात्र आहे, आणि त्याच्या फुटक्या कडेला चिकटपट्टी आहे. तळेगाव दाभाड्यात नूरमहंमदभाईंचं मंडप-स्पीकरचं दुकान आहे. तिथं वायरींच्या वेटोळ्यांशेजारी, फळीवर आमचा मुक्काम.

कॉम्प्युटरला कामं सांगणारी माणसं आपला मजकूर माझ्यात लिहितात. सगळं एकाच रंगात असलं की त्यांचे डोळे शिणतात. म्हणून मी हुकमाचे शब्द निळे करतो, आकडे नारिंगी करतो. पण खरं सांगू? मला एकही भाषा येत नाही. कोणीतरी नियमांची छोटीशी फाईल लिहून मला सांगावं लागतं, बाबा रे, हा शब्द आला की निळा कर, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत हिरवं कर. एवढं कळलं की झालं. नवख्या टाळकऱ्याला अभंगाचा अर्थ कुठं ठाऊक असतो? पण ठोका कुठं द्यायचा हे कळलं की तोही रंगतो. तसंच माझं.

मला घडवलं ते देशोदेशींच्या अनोळखी माणसांनी, एक पै न घेता, सेवा म्हणून. या दुकानात आणलं ते नूरभाईंच्या मुलीनं, कौसरनं. लोणावळ्याच्या लग्नांपासून तिकोणा पेठेच्या सप्ताहापर्यंत नूरभाई जिथं माईक लावायचे, तिथं ही पोर अँप्लिफायरच्या पेटीला टेकून बसायची. त्यामुळं कीर्तनातल्या चाली तिच्या अंगात मुरलेल्या. कॉलेजात असताना गुणगुणत ती मला एकेक नवी भाषा शिकवायची. रंग बरोबर उमटले की म्हणायची, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" तेव्हा तर मी आठ वर्षांचासुद्धा नव्हतो. पण ते कौतुक अजून माझ्या कानात आहे.

मग तिला पुण्यात नोकरी लागली. कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, त्यात नवा एडिटर. आमच्या लॅपटॉपावर नूरभाई मंडपातली गाणी लावू लागले. चार वर्षं माझी खिडकी कोणी उघडली नाही. मित्रांनो, काम नसणं हे थकण्यापेक्षा वाईट असतं बरं.

एका रविवारी कौसर घरी आली होती. तेवढ्यात काठी टेकत हौशीराम आबा दुकानात आले. तिकोणा पेठेचे कीर्तनकार. चाळीस वर्षं त्यांचा माईक नूरभाईंनीच लावलेला.

"रामकृष्णहरी, नूरभाई. म्होरल्या पंधरवड्यात अंबूचं वर्षश्राद्ध हाय. माईक लाव, पन बुवा दुसरा बघितलाय."

अंबूबाई म्हणजे आबांची बायको. नूरभाईंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "वहिनींच्या दिवशी दुसरा बुवा? आबा, डोकं ठिकाणावर हाय ना?"

"डोकं हाय रं, डोळं गेलं. मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हनतो, आता यापरीस सुधारायचं न्हाई. वही वाचता येत न्हाई."

"तुम्हाला तर सगळं पाठ आहे, आबा," कौसर म्हणाली.

"पाठ लय हाय, पोरी. पन गोष्टीत शिरलो का परत यायची वाट घावत न्हाई. अंबू म्होरं बसायची. माजी गोष्ट लांबली का टाळाचा एकच ठोका द्यायची. मला कळायचं, हौशीराम, आता अभंग धर. आता ठोका कोन दील?" आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तिच्यासाठी एवढं एक कीर्तन करायचं हुतं बग."

कौसर उठली. तिनं फळीवरचा लॅपटॉप उतरवला, ओढणीनं धूळ पुसली आणि माझी खिडकी उघडली. चार वर्षांनी! दोन बोटं आबांसमोर धरत तिनं विचारलं, "बोटं दिसतात?"

"न्हाई."

मग तिनं सगळा पडदा पिवळा केला. "हे?"

"हळद सांडल्यावानी दिसतंय."

"झालं तर मग. माईक तुमच्याच नावाचा, आबा."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि मला एक नवीच भाषा शिकवली. तिचं नाव 'कीर्तन'. चांदणीचं चिन्ह दिसलं की अभंगाची ओळ, ती पिवळी, आणि रंग नुसता अक्षरांना नाही, ओळीमागच्या सगळ्या पट्ट्याला. 'गोष्ट' हा शब्द आला की तिथून पुढं सगळं हिरवं. 'परत' हा शब्द आला की हिरवं थांबवायचं आणि पुन्हा अभंगाकडं यायचं. आबा बोलत गेले, ती लिहीत गेली. अक्षर काही आबांना दिसत नव्हतं, पण हिरव्याचं पिवळं झालं की ते बरोबर अभंग उचलायचे. मित्रांनो, मला तीस भाषा रंगवता येत होत्या. पण ही शिकताना वाटलं, याच्यासाठीच आपला जन्म.

वर्षश्राद्धाचं कीर्तन सकाळी दहा ते बारा. बाराच्या ठोक्याला फुलं उधळायची. अंबूबाईंच्या फोटोपुढं त्यांचे टाळ ठेवलेले, आणि जिथं त्या बसायच्या तिथं चौरंगावर मी. शेजारी कौसर, ओळी सरकवायला.

सुरू व्हायच्या जरा आधी आबा तिच्या कानाशी आले. "पोरी, एक गोष्ट राह्यली. अंबूची. घाल की मधी."

ते उभ्याउभ्या सांगत होते, ती लिहीत होती. लिहिताना तिचे डोळे भरले, आणि गोष्टीच्या शेवटी 'परत' लिहायचं राहून गेलं.

मला ते दिसत होतं. पण मला जेवढं सांगितलेलं असतं तेवढंच मी करतो. खाली अभंगाच्या सात ओळी होत्या, त्या सगळ्या मी हिरव्या केल्या. ओरडायला मला गळा कुठं?

पहिला तासभर कीर्तन असं रंगलं की पखवाजवाला घामानं निथळला. मग अंबूबाईंची गोष्ट आली. लग्नात त्यांनी उखाण्यात नवऱ्याचं नाव न घेता पांडुरंगाचं घेतलं, आणि सासूबाईंनी विचारलं, "अगं, लगीन नक्की कुनाशी लावलंस?" मंडप हसला. आबांनी नजर चौरंगाकडं टाकली. हिरवं. मग त्यांनी आणखी एक आठवण काढली. पुन्हा नजर. हिरवंच. मग दुखण्यातली, मग शेवटच्या दिवसाची. आबांचा आवाज बसू लागला. टाळकरी एकमेकांकडं बघू लागले. बाराला सहा मिनिटं उरली. आबा चौरंगाकडं अशा नजरेनं बघत होते, जसं पाण्यात उतरलेला माणूस काठाकडं बघतो.

कौसरला चूक कळली. तिची बोटं कीबोर्डवर आली, आणि थबकली. वर्षभरात आबा अंबूबाईंबद्दल पहिल्यांदाच एवढं मोकळं बोलत होते. त्यांना थांबवायचं कसं? नूरभाई अँप्लिफायरमागून हळूच म्हणाले, "लिही बेटा. वहिनी असत्या तर त्यांनी आवरलं असतं."

तिनं 'परत' लिहिलं.

मित्रांनो, त्या क्षणी मी जे केलं ते आयुष्यात हजारदा केलं होतं. पण सात ओळी एकदम पिवळ्या झाल्या, आणि आबांच्या चेहऱ्यावर जणू ऊन पडलं.

"अंबू म्हनती, पुरं झालं आता!" आबा म्हणाले. हसता हसता मंडप रडला. त्यांनी अभंग उचलला, टाळ कडाडले, आणि बाराच्या ठोक्याला फुलं पडली. दोन पाकळ्या लॅपटॉपाच्या कीबोर्डवरही पडल्या.

त्याला वर्ष होत आलं. कौसर पुण्यात आहे, आणि मी पुन्हा फळीवर. 'कीर्तन' नावाची भाषा जगात फक्त या लॅपटॉपात आहे, आणि याची बॅटरी आता मिनिटभरही टिकत नाही. एवढंच मागणं आहे. एखाद्या थकल्या माणसासाठी तुम्ही काही शिकलात, तर ते एकाच ठिकाणी ठेवू नका. त्याची एक प्रत दुसऱ्या कोणाला द्या. आणि फळीवरच्या जुन्या सोबत्याची धूळ अधूनमधून पुसत जा.

काल आबा दुकानात आले होते. फळीकडं तोंड करून त्यांनी नूरभाईंना विचारलं, "तुजी पोर कदी येतीया रं? पिवळं बगावंसं वाटतंय."

मलाही, आबा. मलाही.