वय उतरवणारं कडं

अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या सभागृहात एक छप्पन्न वर्षांचा दंतवैद्य सर्वांदेखत बेचाळीस वर्षांचा झाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

निमित्त होतं आमच्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्याचं. साठेक जण जमले होते. शाळेत असताना आम्हा सगळ्यांना लवकर मोठं व्हायचं होतं, आता सगळ्यांना लवकर लहान व्हायचं होतं. मधल्या चाळीस वर्षांत नेमकं काय करायचं होतं, ते कोणालाच नीट आठवत नव्हतं.

व्यासपीठावर युवाश्री उभे होते. पांढरेशुभ्र कपडे, बुटाच्या पॉलिशइतके काळे केस. त्यांचं वय त्यांच्याच सांगण्यानुसार एक्याण्णव. दिसायचे मात्र पन्नाशीचे. पन्नाशीचं दिसण्याचं आणखी एक साधं कारण असू शकतं, पण ते त्या गर्दीत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"वय हा आकडा नाही, मित्रांनो," युवाश्री म्हणाले, "वय ही शरीराला लागलेली सवय आहे. हे कडं पेशींना उलट्या दिशेने फिरवतं."

पेशी मुळात कुठल्या दिशेने फिरत होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

प्रयोग सोपा होता. माणसाने पाय जुळवून उभं राहायचं, उजवा हात खांद्याच्या उंचीवर सरळ धरायचा आणि पाय न हलवता मागे वळायचं, जाईल तितकं. बोट भिंतीवर जिथे रोखलं जाईल तिथे खडूने खूण. मग मनगटात राखाडी धातूचं कडं घालायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, पुन्हा वळायचं. दुसऱ्या वेळी बोट पहिल्या खुणेच्या पुढे जाई. एक वीत म्हणजे सात वर्षं. दंतवैद्य दोन विती पुढे गेला होता.

भिंतीवर खडूने खुणा करणारा गृहस्थ माझा जिवलग मित्र होता.

त्याला शाळेपासून सगळे 'पुरावा' म्हणत. पृथ्वी गोल आहे असं भूगोलाच्या बाई म्हणाल्या तेव्हा "पुरावा काय?" असं विचारून तो अख्खा तास वर्गाबाहेर उभा राहिला होता. कॉलेजात आम्ही दोघे बाबाबुवांच्या मागे हात धुऊन लागलो. एकोणिसाव्या वर्षी आम्ही दोऱ्याला अंगठी टांगून उत्तरं सांगणाऱ्या एका बुवाला उघडं पाडलं. अंगठी गोल फिरली तर 'हो', सरळ झुलली तर 'नाही'. दोरा धरणाऱ्याचाच हात नकळत हलतो, हे आम्ही भर चौकात दाखवून दिलं. समोर माझी आत्या बसली होती. घर सोडून गेलेला मुलगा परत येईल का, असं तिने नुकतंच विचारलं होतं आणि अंगठी गोल फिरली होती.

आम्ही खरे होतो. आम्ही टाळ्या देत घरी गेलो. आत्या त्या दिवशी जेवली नाही, हे मला फार वर्षांनी आईकडून कळलं.

तेव्हापासून माझा आवाज खाली येत गेला. विशीत मी "शक्यच नाही" म्हणायचो, चाळिशीत "बघू" म्हणायला लागलो आणि गुडघा दुखायला लागल्यापासून "असेलही" म्हणतो. पुरावा मात्र असा बदलेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो आता युवाश्रींचा खडू धरत होता.

चहाच्या टेबलापाशी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला बाजूला घेतलं.

"भावोजी, यांनी महिनाभर गोळ्या बंद केल्यात."

"कुठल्या?"

"सगळ्या. हृदयाच्यासुद्धा. रक्तवाहिनीत जाळी बसवली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. हे म्हणतात, रोज गोळी घेतली की शरीराला कळतं आपण म्हातारे झालोय." त्यांनी पर्समधून गोळ्यांची डबी काढून दाखवली. "रोज बरोबर घेऊन फिरते. तुमचं ऐकतील. तुम्ही दोघांनी एवढी भांडी फोडलीत लोकांची!"

मी तावातावाने व्यासपीठावर चढलो. पुराव्याने मला मिठी मारली.

"आलास? उभा राहा. पाय जुळव."

"अरे, मी तुझ्याशी बोलायला..."

"आधी कर, मग बोल. आपणच म्हणायचो ना, करून बघितल्याशिवाय बोलायचं नाही?"

बिनतोड होतं. मी वळलो, खूण झाली. कडं घातलं, श्वास घेतला, पुन्हा वळलो. बोट वीतभर पुढे! शपथेवर सांगतो, मला हलकं वाटलं. गुडघाही गप्प बसला. मी एकोणपन्नास वर्षांचा झालो होतो, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की दंतवैद्याला चौदा आणि मला सातच?

खाली उतरताना वहिनींकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

एवढ्यात शिट्टी वाजली.

पहिल्या रांगेतून आमचे खेळाचे सर उठले होते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात तोच निळा ट्रॅकसूट, गळ्यात तीच शिट्टी. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना बोलावलं होतं आणि भाषणाची पाळी येत नसल्यामुळे ते मघापासून चुळबुळ करत होते.

"युवाश्री, मलाही जरा लहान करा की," सर म्हणाले. "पण आधी या कार्ट्याला करू. ये रे पुराव्या. तुझी तब्येत मला ठीक दिसत नाही."

"सर, मी ठणठणीत आहे! पस्तीस वर्षांचा आहे मी आता."

"मग दहावीनंतर जन्मलास. तुझी गुणपत्रिका रद्द करायला हवी." हशा पिकला. पुरावाही हसला. "आता एक कर. कडं आधीच घाल. घातलेलं राहू दे. हं, वळ."

पुरावा कडं घालून वळला. सरांनी स्वतः खूण केली.

"आता कडं काढ. दे माझ्याकडे. दीर्घ श्वास. पुन्हा वळ."

पुरावा वळला. बोट पहिल्या खुणेवर आलं, थोडं थांबलं आणि सावकाश पुढे सरकलं. दीड वीत.



"साडेदहा वर्षं," सर म्हणाले. "कडं काढल्याने. म्हणजे घातल्यावर हा म्हातारा होतो की काय?"

"उलट ऊर्जा!" युवाश्री घाईघाईने म्हणाले. "कड्याचा प्रभाव काढल्यानंतरही रेंगाळतो..."

"रेंगाळतो? बरं." सरांनी पुन्हा शिट्टी फुंकली. "वर्ग, हातभर अंतर!"

आता हे कसं झालं ते सांगता येणार नाही, पण दोन मुख्याध्यापक, एक न्यायाधीश आणि अकरा आज्या पाच सेकंदांत रांगेत उभ्या होत्या.

"कडं न घातलेले तेवढे पुढे या. हात सरळ! वळा! बोट कुठे रोखलंय, लक्षात ठेवा. समोर! श्वास घ्या. पुन्हा वळा!"

चाळीस-पंचेचाळीस बोटं एकदम पुढे सरकली. कोणी वीतभर, कोणी दोन विती. न्यायाधीश बाई तर जवळजवळ व्यासपीठामागच्या पडद्यापर्यंत गेल्या आणि "अगंबाई" म्हणाल्या.

"मी काय घातलं तुमच्या हातात?" सरांनी विचारलं. "काही नाही. पहिल्या वेळी अंग आखडलेलं असतं. एकदा ताणलं की सैल होतं. शिवाय आता समोर खूण असते, माणूस तिच्या पुढे जायचं ठरवूनच वळतो. सदतीस वर्षं मी तुम्हाला खेळाआधी दोनदा वळायला लावलं. दुसऱ्यांदा जास्त वळता येतं, म्हणूनच तर लावत होतो! तुम्ही तेव्हाही कंटाळा केलात, लक्ष दिलं नाहीत."

युवाश्रींना अचानक दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. एक्याण्णवाव्या वर्षी इतक्या चपळाईने पायऱ्या उतरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुरावा व्यासपीठाच्या कडेला बसला होता. मला एकोणिसाव्या वर्षीची टाळी आठवली, मी हात खिशातच ठेवला. सर त्याच्याशेजारी बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली ती आम्हा तिघांनाही ऐकू आली.

"घाबरलास ना रे?"

पुराव्याने रिकामं मनगट चोळलं. मग म्हणाला, "ऑपरेशनच्या खोलीत छताला सहा दिवे होते, सर. ते मोजत होतो. रोज गोळी हातात घेतली की ते सहा दिवे दिसतात. कडं घातल्यावर दिसायचे नाहीत."

"असं होय," सर म्हणाले. "मग हे डॉक्टरला सांगायचं. भीती वाटते म्हणून सांगायचं. लपवून कडी घालत बसायचं नाही."

वहिनी डबी घेऊन समोर उभ्या होत्या. पुराव्याने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीस वर्षांपूर्वीचा तोच तिरका चेहरा.

"या गोळीचा पुरावा काय?"

"हजारो माणसांना दिली," मी म्हणालो. "निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी. कोणाला कुठली, ते घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यालाही. मग मोजलं, किती जगले. हवं तर आत्ता फोन लावून डॉक्टरांना विचारू. महिन्याचा खंड पडलाय, पुन्हा कशी सुरू करायची तेही कळेल."

"चिडतील."

"तुझ्यावर चिडतील. प्रश्नावर चिडणार नाहीत."

फोन लागला. डॉक्टर व्यवस्थित चिडले. मग गोळ्या कशा सुरू करायच्या ते सांगितलं आणि संध्याकाळी तपासायला बोलावलं. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला. पुराव्याने गोळी घेतली, डोळे मिटून.

आमचं म्हणणं एवढंच. वय झालं म्हणून विश्वास ठेवायला हरकत नाही, पण विश्वास ठेवण्याआधी एकदा क्रम उलटा करून बघा. आणि ज्याला प्रश्न विचारला की दुसरा कार्यक्रम आठवतो, त्याला खुशाल जाऊ द्या. मात्र कोणाचं कडं उतरवलंत, तर थोडा वेळ त्याच्याशेजारी बसा. हे मला एकोणिसाव्या वर्षी कळायला हवं होतं.

निघताना मी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला खरंच वय उतरवून घ्यायचं होतं?"

"छे रे," सर म्हणाले. "एवढं मुश्किलीने जमवलंय."