आबाजींनी नेलेली अकरा भजनं

इंदूबाईंच्या ओटीवर अख्खं गाव लोटलं होतं आणि सगळे एका लॅपटॉपच्या पाया पडत होते. पडद्यावर फोल्डरचं पिवळं पाकीट होतं. त्याखाली आपोआप उमटलेलं नाव: आबाजी.

इंदूबाईंचे यजमान आबाजी जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला त्यांची भजनं लावायची, म्हणून पुतण्या रूपेशनं पेनड्राइव्हमधली नावं सुधारायला घेतली. ‘रेकॉर्डिंग सतरा’वरून कोण काय ओळखणार? आबाजींनी प्रत्येक भजनाच्या फाईलच्या पोटात गायकाचं आणि भजनाचं नाव भरून ठेवलेलं. ते वाचून फाईलला नाव देणारा फुकटातला प्रोग्राम रूपेशनं चालवला. बावन्न भजनं होती, एक्केचाळीस उरली. इंदूबाईंनी नवऱ्यासोबत गायलेली अकराच्या अकरा गायब, आणि पाकीट हजर.

खोपोलीहून वाल्मिक महाराज आले. त्यांनी लॅपटॉपवर अंगारा टाकला. तेव्हापासून त्याचं ‘ळ’चं बटण दबत नाही.

“धन्यानं जोडीची भजनं नेली,” महाराज म्हणाले. “आता जोडीण न्यायला येनार. आज पेनड्राइव्ह उल्हास नदीत सोडा. पाकीट उघडायचं नाय. उघडंल तो मेला.”

पाकीट दिसल्यापासून इंदूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

भाची नम्रता नेरळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती आली आणि मावशीचा हात धरून बसली. हात गार लागला.

“रूपेश, दुसरी कॉपी हाय का?”

“नाय ना गं ताई. काकांचा आवाज एवढ्यातच हाय.”

नम्रतानं लॅपटॉप ओढला.

“नको गं, मरशील!” मावशी ओरडली.

“मेले तर महाराज खरे.”

तिनं पाकीट उघडलं. लोक तिच्या मरणाची वाट बघत थांबले. एकानं घड्याळही बघितलं. आत अकरा भजनं होती.

“बघा! अंगाऱ्यानं परत दिली!” महाराज म्हणाले.

“मग अंगाऱ्याशिवाय करू.” नम्रतानं रूपेशच्या मोबाइलमधलं महाराजांचंच प्रवचन घेतलं, गायकाच्या जागी ‘वाल्मिक/महाराज’ भरलं आणि तोच प्रोग्राम चालवला. प्रवचन गायब. नवं पाकीट: वाल्मिक. ते उघडलं, तर आत महाराज.

“अगं बया,” कोणीतरी म्हणालं, “ह्ये तर सोताच सोताला घेऊन गेलं!”

नम्रता म्हणाली, “काही खुणा फाईलच्या नावात चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, चांदणी, ही तिरकी रेघ. तिरकी रेघ दिसली की हा प्रोग्राम समजतो, आधीचं नाव घराचं, पुढचं आत राहणाऱ्याचं. काकांनी जोडीच्या भजनांवर ‘आबाजी/इंदूबाई’ लिहिलेलं. म्हणून आबाजी नावाचं पाकीट झालं आणि मावशी त्यात जाऊन बसली. नाव देण्याआधी त्या रेघेच्या जागी साधी आडवी रेघ टाकायची. आणि त्याच्याही आधी, रूपेशराव, कॉपी काढायची.”

महाराजांना खोपोलीत दुसरं काम निघालं.

रूपेशनं भजन लावलं. आबाजींचा आवाज ओटीभर झाला. इंदूबाईंनी डोळे पुसले, ताट मागितलं, आणि दुसऱ्या घासाला म्हणाल्या, “बारीक कर रं. जेवताना लई वरडतात हे.”

मग गावाकडं बघून बोलल्या, “दोन दिस मी मरायला बसले. तुमी पाया पडलात, नारळ फोडलात. उघडून कुनी बघितलं नाय. पुढच्या टायमाला आदी उघडून बघा. भ्यायचंच असंल, तर मग समदे मिळून भिऊ.”