डावं मडगार्ड, उजवं मडगार्ड

टेबलावर कोलंबीचं भानवलं यायचं होतं, त्याच्या जागी दोन मडगार्डं आली. माझ्या भावाने, मनमोहनने, आईच्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर ती शेजारी शेजारी मांडली आणि घरातल्या सगळ्यांना बोलावलं. "बघा आणि सांगा," तो म्हणाला. भानवलं स्वयंपाकघरात निवत राहिलं.

मनमोहन फोर्टात एका सॉलिसिटरच्या कचेरीत काम करायचा आणि उरलेल्या वेळात मोटार बांधायचा. भंगारातून आणलेली जुन्या ऑस्टिनची चासी, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची उघडी बॉडी, माणसं बसणार दोन, टपाचा पत्ता नाही. लालबागच्या एका गॅरेजात भिवा नावाचा कारागीर पत्रा ठोकायचा आणि मनमोहनचा मित्र वीरेंद्र इंजिनाचं बघायचा. जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे ही गाडी पळवायची असा दोघा मित्रांचा बेत. सगळं होत आलं होतं. पुढच्या चाकांवर मडगार्डं कुठली लावायची एवढंच राहिलं होतं, आणि ते पाडव्यापासून राहिलं होतं.

एक मडगार्ड लहान होतं, सायकलला असतं तसं, चाकाला चिकटून बसणारं. ते चाकाबरोबर वळतं, वजनाला काहीच नाही आणि गाडी कशी चपळ दिसते, असं वीरेंद्रचं म्हणणं. दुसरं लांबलचक. चाकाच्या पुढे सुरू होऊन वरून वळसा घेत दारापर्यंत उतरणारं. ते बॉडीला पक्कं बसवायचं. दिसायला ऐटदार, पण जड, आणि वारा अडवणारं.

"मोठं घेऊन शर्यतीत उतरलो तर बैलगाडीवाले पुढे जातील, ताई," वीरेंद्र मला म्हणाला. मी गिरगावातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. मोटारीतलं मला काही कळत नाही, पण मोठी बहीण म्हणून माझं मत विचारायची पद्धत होती.

मत सगळ्यांचंच विचारलं गेलं. आईला मोठं आवडलं, कारण त्यावर स्वस्तिक काढायला जागा होती. मासळी घेऊन येणारी मंजुळा दारात टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "मोठाच बरा. टोपली टेकवाला जागा हाय." खालच्या मजल्यावरच्या कमळाबाई चष्मा घेऊन वर आल्या आणि लहान-मोठं दोन्ही बघून म्हणाल्या की रंग कुठला देणार त्यावर आहे. मनमोहनने सगळ्यांचं मन लावून ऐकलं. प्रत्येकाला "बरोबर आहे तुमचं" म्हणाला.

त्याची बायको उर्मिला शेवटी बोलली. तिने बादलीभर पाणी ओतून किंवा जुनी साडी धरून चिखल कसा उडतो ते करून दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "चालवणारे तुम्ही उजवीकडे. मी बसणार डावीकडे. आपल्याकडे गटारं आणि डबकी सगळी डाव्या कडेला. लहान लावलंत तर सगळा चिखल माझ्या अंगावर. मग मी बसायचं नाही एवढंच त्यातून ठरतं. तसं ठरवायचं असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही."

"तसं कसं? तू बसणार म्हणजे बसणारच," मनमोहन म्हणाला.

"मग मोठं?"

"बघू ना. वीरेंद्रलाही दुखवता येत नाही."

माझा भाऊ वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. त्याने आयुष्यात कुणाचं मन मोडलं नाही. वडील गेल्यावर घरातला पुरुष तोच. दादरच्या एका डॉक्टरांचं स्थळ मला सांगून आलं तेव्हा त्यांनी उत्तर त्याच्याकडे मागितलं. आईला मी इतक्या लवकर जायला नको होते, मला जायचं होतं. मनमोहनने आईला "राहू दे" म्हटलं, मला "करू या" म्हटलं आणि डॉक्टरांना "कळवतो" म्हटलं. डॉक्टरांनी दिवाळी उलटेपर्यंत वाट पाहिली. मग त्यांचं लग्न माहीमला झालं, आम्हाला आमंत्रण होतं, आणि मनमोहन चांदीचा करंडा घेऊन गेला. मी त्याच्याशी भांडले नाही. भांडायला तो सापडतच नाही. समोर बसून आपण म्हणू ते सगळं कबूल करतो.

उर्मिलेचं दुखणं मडगार्डाहून मोठं होतं, आणि ते ती लपवत नव्हती. लग्न होऊन पाच वर्षं झाली, पण आमच्या घरात तिची म्हणावी अशी खुंटीसुद्धा नव्हती. कुठली साडी नेसायची, माहेरी किती राहायचं, कालवणात चिंच की कोकम, सगळं आई ठरवायची. तिच्या माहेराजवळ, प्रभादेवीला, तिच्या वडिलांचे स्नेही शामराव यांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. दसऱ्यापर्यंत सांगा, मग मी दुसऱ्याला देईन, असं त्यांनी कळवलं होतं. उर्मिलेने मनमोहनला विचारलं. तो म्हणाला, "जाऊ या की." आई म्हणाली, मुलगा या घरातून गेला तर मी अन्नाला शिवणार नाही. तिलाही तो म्हणाला, "कुठे जातोय मी?"

"वन्सं, मला तिकडे जायचंय हे खरं," उर्मिला एकदा वाल सोलताना मला म्हणाली. "पण ते नाही म्हणाले तरी मी इथे राहीन. रडेन चार दिवस आणि राहीन. त्यांनी स्वतःच्या तोंडाने एकदा काहीतरी म्हणायला हवं. हे असं दोन्हीकडे हो म्हणणाऱ्या माणसाबरोबर मला म्हातारं व्हायचं नाही."

मला तिचा हेवा वाटला. मला हे वाक्य कधी सुचलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी वाडीच्या तोंडाशी गाडी आली. गडद हिरवी, नाकावर झेंडूचा हार. पोरंटोरं, कमळाबाई, सगळे खाली उतरले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आई कुंकवाची वाटी घेऊन पुढे झाली आणि थबकली. डाव्या चाकावर मोठं मडगार्ड होतं. उजव्या चाकावर लहान.

"दोघांचंही झालं," मनमोहन म्हणाला. तो इतका प्रसन्न दिसत होता की कुणी हसलं नाही. "उर्मिलेच्या बाजूला मोठं, माझ्या बाजूला लहान. वजन निम्म्याने वाचलं."

वीरेंद्र भिंतीला टेकून उभा होता. "वळताना बघा," एवढंच तो म्हणाला. वळताना एक मडगार्ड चाकाबरोबर वळायचं आणि दुसरं सरळ समोर बघत राहायचं. आईने मोठ्यावर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लहान मडगार्डाला एक बोट कुंकू लागलं.

उर्मिलेच्या माहेरी सोनं द्यायला जायचं आणि शामरावांना उत्तरही द्यायचं असं ठरलं होतं. व्याह्यांकडे जाताना घरातलं वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून आईने मलाही धाडलं. जागा दोघांचीच. सीटच्या मागे वीरेंद्र पान्ह्यांची पेटी ठेवायचा त्या फळीवर मी बसले, मांडीवर आपट्याची पानं आणि पेढ्यांचा पुडा. चाळिशीची शिक्षिका अशी फळीवर चढून मुंबईतून निघालेली माझ्या विद्यार्थिनींनी पाहिली असती तर वर्ग घेणं कठीण झालं असतं. पण वाऱ्याने मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

वाटेत लालबागला थांबलो. भिवाने गॅरेजात हत्यारांची पूजा मांडली होती, त्याला पेढे द्यायचे होते. गिरणीला सुट्टी होती, त्यामुळे आसपासच्या चाळींतली माणसं जमायला वेळ लागला नाही. मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य होऊन वर्ष होत आलं होतं, भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं, आणि त्या वर्षी तिथे कुठलीही गोष्ट पाहिली तरी माणसांना तेवढंच दिसायचं.

"ओ सायब, ह्या बाजूला मोठा मडगार आन त्या बाजूला बारका, ह्यो काय परकार?" एकाने विचारलं.

दुसऱ्याने गाडीला चक्कर मारली, मागे सरून पाहिलं आणि ओरडला, "आरं, ही तर द्वैभाषिक गाडी!"

मग जो हशा उठला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "एक बाजू त्येंची, एक आपली!" "बारकी बाजू आपली काय रं?" "झालाच पाहिजे, दोन्ही मडगार सारका झालाच पाहिजे!" भिवा दारातून म्हणाला, "मला बोलू नका, मी सांगितलं ते ठोकलं. दोन्ही जोड्या करून दिल्यात, उरलेले आत पडलेत."

दुसरा कुणी असता तर शरमला असता किंवा चिडला असता. मनमोहन खाली उतरला आणि समजावून सांगू लागला. लहानाचे फायदे, मोठ्याचे फायदे. मग त्याने त्यांना विचारलं, "तुम्ही असता तर कुठलं लावलं असतंत?" लोकांनी हात वर केले. काही मोठ्याला, काही लहानाला. त्याने दोन्ही बाजूंना मान डोलावली. मला राग आला तो हसणाऱ्यांचा नव्हे. त्याला त्यात मजा येत होती याचा आला.

उर्मिला आपल्या जागी ताठ बसून होती. तीही थोडी हसली, पण ते लोकांना बरं वाटावं म्हणून.

परळच्या पुढे कुठेतरी पाण्याचा नळ फुटून रस्ताभर पाणी साचलं होतं. गाडी त्यातून गेली. डावीकडे मोठ्या मडगार्डाने सगळं खालच्या खाली दाबलं. उजवीकडे लहानाच्या कडेवरून गढूळ पाण्याचा फवारा सरळ मनमोहनच्या अंगावर आला, पांढऱ्या पॅंटवर, शर्टावर, गालावर.

"बघ!" तो ओरडला. "तुझी साडी कोरडी! बघ ना!"

साडी खरंच कोरडी होती. उर्मिलेने वळून त्याच्याकडे पाहिलं, कमरेचा रुमाल काढला आणि त्याचा गाल पुसला. त्या क्षणी मला माझा भाऊ फार आवडला. चिखल त्याने स्वतःकडे घेतला होता, आणि तसा तो नेहमीच घ्यायचा. मला वाटलं, चला, जमेल यांचं.

माहेरच्या आधी शामरावांचं घर लागलं. ते दारातच उभे होते. सत्तरीचे, धोतर, हातात किल्ली. आम्ही सोनं दिलं, त्यांनी गाडीकडे पाहून काही न विचारण्याचा सभ्यपणा दाखवला. मग म्हणाले, "काय मग मनमोहनराव, ठरलं का खोल्यांचं?"

"ठरलं," मनमोहन म्हणाला.

उर्मिलेचा हात माझ्या दंडावर आला. तिने तो इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली.

"मी मार्ग काढलाय," तो म्हणाला. "सोमवार ते शुक्रवार आम्ही गिरगावला राहू, आईजवळ. शनिवार-रविवार इथे. म्हणजे आईचंही झालं, उर्मिलेचंही झालं." आणि त्याने उर्मिलेकडे पाहिलं. डबकं ओलांडल्यावर पाहिलं होतं अगदी तसंच. साडी कोरडी राहिली की नाही ते विचारावं तसं.

माझ्या दंडावरचा हात सुटला.

"शामकाका," उर्मिला म्हणाली, "किल्ली माझ्याकडे द्या. मी आजपासून राहते. आठवड्याचे सातही दिवस."

शामराव मनमोहनकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"अगं पण मी आईला काय सांगू?" मनमोहन म्हणाला.

"मी इथे आहे हे सांगा. तुम्ही कुठे राहणार ते तुम्ही सांगा, त्यांना आणि मला. इथे आलात तर दार उघडं आहे. नाही म्हणालात तरी मी ऐकून घेईन. पण दोन्ही म्हणू नका." तिचा आवाज चढला नव्हता. ती माडीचा जिना चढून गेली. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग खिडकी उघडल्याचा.

मी पुडा शामरावांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मीही आज इथेच थांबते. रिकाम्या घरात तिने एकटीने का झोपावं?" कुणाला विचारलं नाही. बोलून गेल्यावर बरं वाटलं.

मनमोहन गाडीपाशी गेला. मला वाटलं तो वर जाईल, किंवा निदान निघून जाईल. तो पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिला. एकदा लहान मडगार्डाकडे पाहिलं, एकदा मोठ्याकडे. त्याच्या गालावर अजून पाण्याचा ओघळ होता. डोळेही भरलेले होते, ते मी पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "ती आता माझ्या शेजारी बसणार नाही ना?"

"मला काय माहीत?"

"तसं असेल तर डावीकडचं मोठं काढून टाकू का?"

तो चिडून बोलत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. मी बहीण आहे, मला ते देता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्याने संध्याकाळपर्यंत ते काढलं असतं, आणि नको म्हटलं असतं तर ठेवलं असतं. वरच्या खिडकीत उर्मिला उभी होती आणि तीही ऐकत होती. मग तो शामरावांकडे वळला आणि त्याने त्यांना विचारलं.