एकशे बारा नंबरची फाइल

आमच्या केंद्रात माणसं येऊन मन मोकळं करायची आणि आम्ही ते रेकॉर्ड करून ठेवायचो. सत्तर वर्षं कुणी ऐकणार नाही, असा लेखी शब्द असायचा. सही दादांची. दादा आमचे जुने प्रमुख. निवृत्त होऊन जमाना झाला, पण फायलींचा अर्धा पासवर्ड अजून त्यांच्या डोक्यात आणि अर्धा माझ्या. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, ही आमची रीत.

यंदा फायलींचं डिजिटल कुलूपच बदलायचं ठरलं. क्वांटम कॉम्प्युटर येतील तेव्हा येतील, पण आज कुलूपबंद फायली चोरून ठेवणारा तेव्हा त्या सहज उघडेल. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, म्हणून दादांना बोलावलं.

आल्या आल्या ते खुर्चीवरून कुरकुरले आणि मला जुने दिवस आठवले. पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून तो बंद करून आम्ही घामाघूम व्हायचो. ते दिवस मला परत हवेत, घामासकट.

तेव्हाच एकदा आई आली होती. मला बाहेर बसवून दादांशी बोलली. दोन वर्षांनी ती गेली. तिच्या कपाटात रेकॉर्डिंगची पावती सापडली, नंबर एकशे बारा.

दुपारी नवं कुलूप चढलं. आता नियमाप्रमाणे कुठलीही एक फाइल उघडून तपासायची होती. पासवर्डचं काम संपलं होतं, तरी दादांनी भिंतीकडे तोंड केलं.

"शब्द मी दिलाय, तू नाही," ते म्हणाले. "ऐकायचं तर ऐक. मी काही पाहिलं नाही."

मी एकशे बारावर आले. समोर लांबी दिसली, बेचाळीस मिनिटं. घरात आईचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'दार लाव'. त्याचा मी जन्मभर राग धरला. इथे मात्र ती बेचाळीस मिनिटं बोलली होती, कुणी ऐकणार नाही या भरवशावर. त्या 'कुणी'मध्ये मीही होते. मला रडू आलं.

मी एक नंबरची फाइल उघडली. ती आमची चाचणीची. तरुण दादा एक ते दहा आकडे मोजत होते आणि सातला खोकत होते.

"तिची?" दादांनी न वळता विचारलं.

"बंद आहे," मी म्हटलं. "वळा आता."