उलट्या वाट्या

समीक्षाने पेटीचं झाकण उघडलं, वरचा कागद बाजूला केला आणि पहिलं कार्ड हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मरून मखमलीवर मंगळसूत्र टाचलेलं होतं. काळे मणी एका ओळीत, लाल दोऱ्याचे टाके बारीक आणि घट्ट, पण दोन्ही वाट्या उलट्या. फुगीर, चकचकीत अंग मखमलीला टेकलेलं आणि पोकळ पोट वर. तिने दुसरं कार्ड काढलं. तेही तसंच. मग तिसरं, चौथं, आणि शेवटी अख्खी पेटीच टेबलावर रिकामी केली. सगळी मंगळसूत्रं उलटी होती. सुलट होतं ते फक्त एक, तळाशी एका कापडी पिशवीत, ना कार्ड ना टाका.

बँकॉकच्या त्या हॉलमध्ये अजून ग्राहकांना आत सोडलं नव्हतं. आजूबाजूच्या स्टॉलवर माणसं काचा पुसत होती, दिवे फिरवून फिरवून हिऱ्यांवर पाडत होती. एसी तर असा, की शहाडच्या कारखान्यात भट्टीशेजारी बसायची सवय असलेल्या बाईचे दात वाजावेत. अंगावर नणंदेचा, प्रीतीचा, मागून आणलेला कोट, गळ्यात नावाचा पट्टा आणि डोक्यात विमानभर घोकलेली चार इंग्रजी वाक्यं. समीक्षाचा हा पहिलाच परदेश आणि पहिलंच प्रदर्शन. खरं तर यायचं होतं तिच्या नवऱ्याने, प्रशांतने. पण निघायच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. स्टॉल घेऊन झालेला, नाव छापून झालेलं, मग काय, घोड्यावर तिला बसवलं.

माल त्यांच्या घरचाच. एक ग्रॅमची, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली मंगळसूत्रं. घडवायला कारागीर होते, पण मणी ओवायचं काम पहिल्यापासून सासूबाईंचं. गंगुबाईंच्या हातची ओवणी सुटत नाही, असं कल्याणच्या दुकानदारांत बोललं जाई. एरवी माल पाकिटांत भरून जायचा, त्यात उलट काय आणि सुलट काय. मखमलीच्या कार्डांवर टाचायची वेळ या प्रदर्शनामुळे पहिल्यांदाच आली, आणि ते काम आईंनी आपणहून मागून घेतलं होतं. दार लावून एकट्या बसल्या होत्या. कुणाला हात लावू दिला नाही.

आणि हे असं झालं होतं.

तिने प्रशांतला फोन लावला.

"उलटी? सगळी?"

"एक सोडून."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "काल आईने मला उसाचा रस दोनदा आणून दिला. आधी दिलेला विसरली बहुतेक. मी बोललो नाही तुला, तू निघालेलीस म्हणून."

रसाचं समीक्षाला ठाऊक नव्हतं, पण दुसरं एक ठाऊक होतं. गेल्या महिन्यात आईंनी तिला दोनदा "प्रीती" अशी हाक मारली होती. तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आता मात्र तिला हसू येईना. तिच्या वडिलांचं, सीतारामरावांचं, असंच सुरू झालं होतं. एके सकाळी ते शर्ट उलटा घालून वर्तकनगरच्या घरातून बाहेर पडले, सगळे हसले, ते स्वतःही हसले. वर्षाच्या आत घरचा रस्ता विसरून बाळकुमला एका दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. शेवटी शेवटी ते तिला ताई म्हणत. उलट्या शिवणीचा तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता.

आईंना यातलं काही कळू देऊ नको, असं तिने प्रशांतला बजावलं. आल्यावर दोघं मिळून डॉक्टरकडे नेऊ. फोन ठेवला, पर्समधून नेलकटर काढलं आणि खाली बसून एकेक टाका कापायला घेतला. कात्री असती तर झटपट झालं असतं. टाके इतके चिवट, की तोडताना तिला वाईट वाटलं. ज्या बाईचा हात असा अजून जागच्या जागी आहे, तिचं डोकंच तेवढं हातातून निसटावं? आईंनी आजवर तिला वाकडा शब्द ऐकवला नव्हता. कौतुकाचाही नव्हता. समीक्षाचं माहेर बौद्ध, लग्न ठाण्याच्या कचेरीत सह्या करून झालेलं. आई त्या दिवशी आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या, साडी देऊन गेल्या. पुढची सात वर्षं एका घरात सगळं कसं नीट, जपून, पाहुण्यांशी वागावं तसं. कधीतरी मोकळं बोलू, अजून वेळ आहे, असं ती म्हणत राहिली. आता वेळच उरला नाही की काय, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

तिसरं कार्ड मोकळं करत असताना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नेहमीसारखं आईंचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. प्रशांतच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिने लक्षात ठेवायला हवं होतं.

"काय गं, उलटी आहेत म्हणून घाबरलीस?"

"आई, तुम्ही मुद्दाम…"

"मग काय झोपेत टाचली? नवं मंगळसूत्र आधी उलटंच घालायचं असतं. नवरी सासरी येते ती उलट्या वाट्या घालून. सोळाव्या दिवशी सासू त्या सुलट करते, तेव्हा ती घरची झाली. तुमच्यात नसेल, आमच्यात आहे. माल पहिल्यांदा परमुलखात चाललाय, तर रीतीने जाऊ दे म्हटलं. ज्या घरी जाईल ते घर करील सुलट."

समीक्षा स्टुलावर बसली.

"आणि उसाचा रस?"

"काविळीला एकदा पुरतो होय? ऐकत नाही मेला, म्हणून दोनदा दिला. मला डॉक्टरकडे न्यायचं चाललंय म्हणे तुमचं. न्या. गुडघे दाखवायचेच आहेत."

समीक्षाचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसता हसता कोटाच्या बाहीने डोळे पुसत राहिली. शेजारच्या स्टॉलवरच्या माणसाने टिशूचा डबा पुढे केला. तिने दोन कागद घेतले, त्याला मान लववली. शहाडचं घर जागेवर होतं, घरातलं माणूस जागेवर होतं. आज एक मणी खपला नाही तरी चालेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

आईंना तिकडचं काही दिसत नसावं. त्यांनी विचारलं, "सगळी उलटीच आहेत ना? नीट बघितलंस?"

"एक सुलट आलंय. तळाशी, पिशवीत."

कपाळ पडद्यावरून हललं. थोडा वेळ नुसता पंखा फिरत राहिला.

"ते विकायला नाही."

"मग?"

"तुमचं लग्न सहीचं. वाट्या उलट्या घालायचं राहिलं, सुलट करायचंही राहून गेलं. आता नवी कुठे राहिलीस तू? घाल वाटलं तर. नाहीतर ठेव डब्यात, माझं काही म्हणणं नाही."

"घरीच द्यायचं ना, आई."

"समोर दिलं असतं तर तू थँक्यू म्हणाली असतीस. मग मी काय बोलायचं? चल, ठेवते. तुझं गिऱ्हाईक येईल, प्रीती."

फोन बंद झाला. लेकीच्या नावाने मारलेली ती हाक दुरुस्त करावी, असं समीक्षाला या वेळी वाटलंच नाही.

तिने पिशवीतलं मंगळसूत्र गळ्यात घातलं. नावाच्या पट्ट्यात ते अडकलं, म्हणून पट्टा काढून टेबलावर ठेवला. मोकळी केलेली तीन कार्डं तिने पुन्हा पुढ्यात घेतली, मंगळसूत्रं होती तशी उलटी मांडली आणि तोडलेल्या लाल दोऱ्याच्या तुकड्यांनीच जमेल तशी बांधली. तिची गाठ काही आईंसारखी बसली नाही. तेवढ्यात दारं उघडली.

पहिला तासभर माणसं तिच्या स्टॉलसमोरून हिऱ्यांकडे गेली. मग एक वयस्कर बाई थांबल्या. क्वालालंपूरला लग्नाच्या दागिन्यांचं दुकान आहे, असं त्यांनी सांगितलं. सगळी कार्डं बघून झाल्यावर त्यांनी बोट दाखवलं ते समीक्षाच्या गळ्याकडे.

"हे दाखवा. हे मला आवडलं."

घोकलेल्या चार वाक्यांत याला उत्तर नव्हतं. तरी ते कुठेही न अडखळता आलं. "हे विकायचं नाही," समीक्षा इंग्रजीत म्हणाली.

बाई हसल्या. मग बाकीची सगळी पाठमोरी का, असं त्यांनी विचारलं. समीक्षाने खुर्ची पुढे ओढली आणि एक कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"ही अजून नवी आहेत," ती म्हणाली. "तुमच्याकडे आली, की तुम्ही सुलट करा."

बाई कार्ड हातात घेऊन खुर्चीवर बसल्या.