गाडी हलल्यावर

गल्लीत त्यांना गार्डसाहेब म्हणत. नोकरी मात्र त्यांनी रेल्वेत एक दिवसही केली नव्हती. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पण जुन्या गाड्यांचा विषय निघाला, की गिऱ्हाईक एका डोळ्याला भिंग लावून तसंच ताटकळत बसे. खिडकीचे ते लोखंडी गज, ती वर सरकवायची झडप, सुटताना बसणारा तो हिसका! नव्या गाड्यांना ते 'चाकं लावलेले फ्रिज' म्हणत.

या प्रेमात थोडा स्वार्थही होता. मनातलं काही बोलायचं, तर गार्डसाहेबांना ते गाडी हलल्यावरच जमे. गज धरून चार पावलं चालायचं, बोलून मोकळं व्हायचं आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत हात सोडायचा. बायकोला लग्नाचंही त्यांनी असंच विचारलं होतं. बिचारीला होकार द्यायला पुढच्या स्टेशनवरून उलटं यावं लागलं.

आज लेक परगावी नोकरीला निघाली होती. 'जा, पण दुकानात पुन्हा पाय ठेवू नकोस,' असं ते रागाच्या भरात बोलून बसले होते आणि तेव्हापासून बापलेकीत अबोला होता. चुकलो, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"आता तरी बोला की," बायको फलाटावर कुजबुजली. लेक आत खिडकीशी जाऊन बसली होती.

"गाडी हलू दे."

गाडी हलली, पण ना हिसका, ना शिट्टी. दारं मिटली आणि काचेमागची लेक आपसूक सरकायला लागली. धरायला गजच नव्हता. गार्डसाहेब काचेबरोबर धावत ओरडले, "चुकलो गं मी! दुकान तुझंच आहे! सुट्टीला घरी ये!"

लेकीनं कानाकडे बोट दाखवून मान हलवली. फलाटाला मात्र शब्दन् शब्द ऐकू गेला. गाडी निघून गेली आणि खिशातला फोन वाजला.

"बाबा, काय म्हणत होतात?"

"काही नाही. ही कसली मेली गाडी, हिला धड खिडकीसुद्धा..."

"सांगून टाका हो," शेजारचा हमाल म्हणाला. "आम्हा सगळ्यांना कळलंय."

बायकोनं डोळे वटारले. एका जागी उभं राहून असलं काही गार्डसाहेब जन्मात बोलले नव्हते.

"चुकलो मी, बाळा," ते म्हणाले आणि त्यांचा अंगठा लगेच फोन बंद करायला निघाला.

"बाबा, ठेवू नका!" लेक रडत होती की हसत होती, कळेना. "नेहमी बोलून पळता. आज माझंही ऐका."

गार्डसाहेब बाकावर बसले आणि फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले.