बर्फवालीचं आभाळ

फोन वाजत होता आणि ताई त्याच्याकडे नुसती बघत बसली होती.

"वहिनी, फोन," आतून नणंद म्हणाली.

"ऐकू येतंय."

"मग उचला की. का मी उचलू?"

"हात लावू नका वन्सं."

नणंद ओले हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. भाऊ जाऊन महिना होत आला होता, वहिनीला एकटीला कसं टाकायचं म्हणून ती इथेच राहिली होती, आणि आता वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय हेही आपल्यालाच बघावं लागणार असं तिला वाटायला लागलं होतं.

फोनवर नाव झळकत होतं: बर्फवाली.

आता ही बर्फवाली कोण, तर धक्क्यावरच्या मासेमारी होड्यांना बर्फ देणारी बाई, तिने बर्फ दिला तरच होड्या सुटणार. आवाज असा की इंजिन धडधडत असलं तरी तिसऱ्या होडीत ऐकू जावा. रोज उजाडता उजाडता तिचा फोन, आणि रोज एकच प्रश्न, "ताई, आज पोरांना सोडू का?" आणि ताई सांगायची. कारण ताई हवामान कार्यालयात टेक्निशियन, उपग्रहावरून ढगांची चित्रं उतरवून घेणं हे तिचं काम, ऑफिसच्या गच्चीवरच्या अवाढव्य डिश अँटेनाच्या छत्रीखाली तिची अर्धी हयात गेलेली.

पूर्वी हे काम फक्त त्या छत्रीचंच होतं. मग स्वस्तातली यंत्रं निघाली. अँटेना म्हणून दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या, एक वायर, बोटाएवढा रिसीव्हर आणि कुठलाही जुनापुराणा लॅपटॉप, बस. उपग्रह डोक्यावरून जायला लागला की चित्र थेट तुमच्याकडे, मध्ये ना ऑफिस ना इंटरनेट. ऑफिसातले साहेब म्हणाले, हे लोकांपर्यंत न्या. ताईने नेलं. धक्क्यावरच्या बर्फाच्या गोदामावर कांड्या तिनेच चढवल्या, शिकवलं तिनेच, टाळ्या पडल्या, साहेबांचा फोटोही निघाला. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फोन.

"ताई, यंत्र लई छान आहे हो. पण आज सोडू का?"

नवऱ्याला याची भारी गंमत वाटायची. ताईचे हात कणकेत असले की तोच फोन तिच्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "घ्या, दर्याचा फोन." सुट्टीच्या दिवशी ती घरच्या गच्चीवर नवीन कांड्या तपासायची, तेव्हा त्या हातात धरून उभं राहायचं काम त्याचं. ती सांगायची, अजून डावीकडे. तो विचारायचा, तुझ्या डावीकडे का माझ्या? प्रत्येक वेळी. तिला उत्तर पाठ, त्याला प्रश्न पाठ.

मग तो गेला, आणि ताईने फोन बंद करून टाकला.

काही दिवसांनी बर्फवाली भेटायला आली. अगदी मनापासून रडली, ताईचा हात हातात घेऊन बसली, आणि मग नाक पुसत म्हणाली, "तुमचा फोन बंद होता ना, मग आम्ही आठवडाभर होड्या काढल्याच नाहीत."

"आभाळ कसं होतं?" ताईने विचारलं.

"आभाळ? निळंशार."

"आणि यंत्र?"

"आहे की. कपाटात कुलूप लावून ठेवलंय. वापरून खराब कशाला करायचं."

बर्फवालीला वाटत होतं आपण ताईचा मान राखला. ताईला असा थकवा आला, असा थकवा आला, की नवरा गेला त्या दिवशीही आला नव्हता. इतकी वर्षं आपण लोकांना आभाळ दिलं असं तिला वाटत होतं, आणि दिला होता एक फोन नंबर.

म्हणून गेल्या आठवड्यात ती पुन्हा धक्क्यावर गेली. गोदामावर चढून बघते तर कांड्यांवर बनियन वाळत घातलेलं.

"वारं चांगलं लागतं तिथे," बर्फवाली म्हणाली.

ताईने बनियन काढलं, लॅपटॉप कपाटातून काढायला लावला, बर्फवालीला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा. हा जमिनीचा काठ. हे पाणी. हा जाड, गोळा झालेला ढग, याच्या वाटेला जायचं नाही. बर्फवाली बरोबर बोट ठेवत होती. सगळं येत होतं तिला. तरी म्हणाली, "आणि मी चुकले तर?"

"चुकते मीपण."

"तुमचं वेगळं आहे. तुम्ही चुकलात तर आभाळ फिरलं म्हणतात. मी चुकले तर मी चुकले. माझा स्वतःचा पोरगा असतो त्या होडीत."

ताईने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. म्हणाली, "वादळाचा इशारा असला तर मी आपणहून फोन करीन, ते ऑफिसचं कामच आहे. बाकी रोजचं तुम्ही बघायचं. सोमवारपासून मी फोन उचलणार नाही."

"उचलाल हो. तुम्हाला नाही राहवायचं."

आणि हा तो सोमवार.

फोन थांबला. परत वाजायला लागला.

"त्या बाईचा जीव टांगणीला लागला असेल," नणंद म्हणाली.

"माझाही लागलाय." ताईने फोन उचलला, उशीखाली कोंबला, घरच्या कांड्या आणि उपग्रह ऐकायला त्यांना जोडायचा नवऱ्याचा छोटा रेडिओ घेतला आणि गच्चीवर गेली.

आधी नुसती खरखर. मग तिच्यातून हळूच उपग्रहाचा आवाज वर आला, टकटक टकटक, कुणी लांबून घोड्यावर येतंय तसा. हाच आवाज आत्ता गोदामाच्या छपरावरही पडत असणार. लॅपटॉप कपाटाबाहेर असला तर. नाहीतर होड्या बांधलेल्या, पोरं काठावर बसलेली, आणि सगळे एका न उचललेल्या फोनकडे बघतायत. हाताला रग लागली. आवाज खाली गेला.

"अजून डावीकडे," ताई म्हणाली, आणि मग स्वतःच सरकली.

खाली आली तेव्हा नणंद उशीला चिकटून पहाऱ्यावर बसली होती. "अजून दोनदा वाजला. मग गप्प. मग टिंग झालं."

लॅपटॉपच्या स्क्रीनचा वाकडातिकडा फोटो होता, कोपऱ्यात बर्फवालीचा अंगठा. खाली तिचा आवाज, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "ताई, चित्र उलटं आलं. मग मी लॅपटॉपच उलटा धरला. त्या कडेला पांढरं आहे ना, ते मला काही आवडलं नाही. आज होड्या बंद ठेवल्यात. पोरगा फुगून बसलाय, बसू दे. तुम्ही फोन नका करू."

ताईने फोटो मोठा केला. ते पांढरं म्हणजे पातळ, उंचावरचा ढग, पिंजलेल्या कापसासारखा. दुपारपर्यंत विरून जाणारा. तिने बिनधास्त सोडलं असतं. सगळ्या होड्यांचा एक दिवस फुकट जाणार होता.

तिने लिहिलं, "जाऊ द्या पोरांना." थोडा वेळ त्या तीन शब्दांकडे बघितलं. मग एकेक अक्षर पुसून टाकलं.

"गेल्या का होड्या?" नणंदेने विचारलं.

"नाही."

"म्हणजे पुन्हा तेच. बसले तसेच."

"नाही वन्सं. आज बघून बसलेत."

नणंदेला काही ते समजलं नाही, पण वहिनी कितीतरी दिवसांनी नीट जेवली म्हणून तिनेही जास्त खोदून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. ताईला नेहमीच्या वेळी जाग आली. फोन समोर घेऊन ती थोडा वेळ बसली. नणंद चहा ठेवून गेली, तो निवला. मग ती कांड्या घेऊन गच्चीवर गेली. टकटक आली, डोक्यावरून गेली, लांब लांब होत खरखरीत मिसळली. आवाज पार संपला तरी ताई हात वर धरून तशीच उभी होती, किंचित डावीकडे.